अर्धा गुंठा ताग: बियाण्यापासून पोत्यापर्यंतच्या प्रकल्प नोंदी

१२ फेब्रुवारी

सुरुवातच फसली. बी मागवलं ‘ताग’ म्हणून, पुडी फोडली तर आत चांगलं टपोरं, काळपट हिरवट बी, तुरीच्या दाण्याच्या जवळपास जाणारं. ज्यूटचं बी एवढं मोठं नसतंच. हे निघालं हिरवळीच्या खताचं ताग, म्हणजे बोरू, पिवळी फुलं येतात आणि वाळलेल्या शेंगा हलवल्या की खुळखुळ्यासारख्या वाजतात ते. देणाऱ्याची काही चूक नाही, मी जे नाव सांगितलं तेच त्याने दिलं. घोळ शब्दाचा आहे. शाळेच्या भूगोलात ताग म्हणजे गंगेच्या त्रिभुज प्रदेशातला ज्यूट, आणि शेतकऱ्याच्या तोंडात ताग म्हणजे हा बोरू. दोघांच्याही सालीतून वाख, म्हणजे लांब चिवट तंतू, निघतो म्हणून नाव एकच पडलं असेल, पण बोरू शेंगावर्गातला आणि ज्यूट भेंडी-कपाशीच्या गोतावळ्यातला. अंबाडी तिसरीच, ती पण भेंडीच्याच घरातली, तिचाही वाख काढतात आणि गिरण्यांमधे ज्यूटमधे मिसळतातही.

तर ह्या नोंदींमधे ताग म्हणजे ज्यूट, हे एकदा लिहून ठेवतो नाहीतर पुढे मीच गोंधळेन.

प्रकल्प काय, तर अर्धा गुंठा, साधारण ५० चौरस मीटर. पेरायचं, कापायचं, कुजवायचं, वाख काढायचा, त्याचं काहीतरी बनवायचं. कारण असं की प्रत्येक तागाच्या पिशवीवर ‘पर्यावरणपूरक’ असं छापलेलं असतं आणि ते वाचून मान डोलावण्यापलीकडे मी आयुष्यात काही केलेलं नाही. एकदा स्वतःच्या हाताने करून बघू की पाणी कुठे लागतं, माणूस कुठे लागतो, तेल कुठे लागतं.

२६ फेब्रुवारी

बरोबर बी आलं एकदाचं. दोन प्रकार. एक कॉर्कोरस ऑलिटोरिअस, ज्याला तोषा म्हणतात, बी निळसर-हिरवट ते काळपट. दुसरं कॉर्कोरस कॅप्सुलॅरिस, पांढरा ताग, ह्याचं बी तांब्यासारखं तपकिरी. तोषाचे १००० दाणे मिळून जेमतेम २ ग्रॅम भरतात, पांढऱ्याचे ३ च्या वर. चिमटीत धरलं की किती धरलं तेच कळत नाही.

गंमत म्हणजे बंगालात पेरलं जाणारं तागाचं बरंचसं बी महाराष्ट्रात आणि आंध्रात पिकवलेलं असतं. वाखासाठी पीक घ्यायचं तर शेंगा पिकायच्या आत कापावं लागतं, त्यामुळे जिथे ताग आहे तिथे बी नाही आणि जिथे बी आहे तिथे वाख कोणी काढत नाही.

खरी पेरणी एप्रिलमधे करायची हे माहीत आहे, सगळीकडे तसंच लिहिलंय. तरी राहवलं नाही म्हणून कडेला तोषाची एक ओळ आजच टाकली. बघू काय होतं.

१४ एप्रिल

मुख्य पेरणी झाली. हेक्टरी तोषाला साधारण ५ किलो बी धरतात, त्या हिशोबाने माझ्या तुकड्याला २५ ग्रॅम, म्हणजे मूठसुद्धा भरत नाही. काकऱ्या २५ सेंटीमीटरवर पाडल्या, बी कोरड्या वाळूत मिसळून सोडलं कारण नुसतं सोडलं तर एका जागी शंभर आणि पुढच्या हातभर काहीच नाही असं होतं. दीड-दोन सेंटीमीटरपेक्षा खोल नको. वरून हलका हात फिरवला. दोन भाग तोषा, एक भाग पांढरा.

शेजारचे काका कुंपणाशी उभे राहून बघत होते, म्हणाले एवढ्याशा बियाला वाळू कशाला, मेथी पेरतोस का. मी म्हणालो, काका, ह्याची सुतळी करणार आहे. त्यावर ते काही बोलले नाहीत, नुसते हसले आणि गेले.

१७ एप्रिल

उगवलं. तीन दिवसात. ओळीत हिरवी पुसट रेघ दिसते, जवळून बघितलं तर कळतं.

२ मे

खुरपणी, खुरपणी आणि खुरपणी. तागाबद्दल वाचताना ‘कमी मेहनतीचं पीक’ हे वाक्य दहा ठिकाणी वाचलं होतं, ज्याने लिहिलं त्याने पहिले तीन आठवडे उकिडवं बसून काढलेले नाहीत एवढं नक्की. रोप सुरवातीला इतकं हळू वाढतं की तण त्याच्या डोक्यावरून निघून जातं. लागवडीतल्या मजुरीचा मोठा वाटा ह्या खुरपणीतच जातो हे आता पटलं. त्याबरोबरच विरळणी, दोन रोपांत ५ ते ७ सेंटीमीटर ठेवून बाकीची उपटायची. जिवावर येतं, पण दाटी ठेवली तर काड्या बारीक होतात, आणि फार विरळ केलं तर झाडाला फांद्या फुटतात. फांदी फुटली की वाखाची लांबी तिथेच तुटते. आपल्याला सरळसोट सोटा हवा, खालपासून वरपर्यंत एक.

एकदा उंची गाठली की मात्र सावलीने तणाला स्वतःच मारतं म्हणे. वाट बघतोय.

१० मे

फेब्रुवारीतल्या ओळीचं काय झालं ते बघा. अडीच महिने होत आले, उंची गुडघ्याच्या थोडी वर, आणि पिवळी फुलं! म्हणजे संपलं, झाडाने वाढणं सोडून संसार थाटला. फांद्या पण फुटल्यात.

ताग लहान दिवसाचं झाड आहे. दिवस साधारण साडेबारा तासांपेक्षा लहान असला की त्याला वाटतं फुलायची वेळ झाली. फेब्रुवारी-मार्चमधे उगवलेल्या रोपाला पहिले काही आठवडे लहान दिवस मिळतात आणि ते फसतं. एप्रिलमधल्या रोपाला दिवस मोठा मिळतो, मग ते चार महिने नुसतं उंच होत राहतं. तोषा ह्या बाबतीत फार हळवा, म्हणूनच १९७७ साली आलेल्या जेआरओ ५२४ ह्या वाणाचं, ज्याचं नावच ‘नवीन’ आहे, एवढं कौतुक झालं, ते लवकर पेरलं तरी सहसा फसत नाही. बराकपूरला केंद्रीय ताग संशोधन संस्था आहे तिथलं ते.

ओळ उपटणार होतो, पण ठेवली. फुलं बघायला बरी वाटतात, आणि शेंगा आल्या की दोन जातींतला फरक नीट दिसेल. तोषाची शेंग लांबट दंडगोल, पांढऱ्याची गोल सुरकुतलेली बोंडासारखी. पानावरून ओळखणं मला अजून जमत नाही, दोन्ही कातरलेल्या कडांची आणि देठाशी दोन बारीक शेपट्या असलेली.

७ जून

वरची कोवळी पानं चाळणीसारखी झालीत. उंटअळी. पाठीची कमान करत चालते, हिरवी बारीक, पानाच्या शिरेवर बसली की दिसतच नाही. नेमकी शेंड्याची पानं खाते, आणि शेंडा गेला की खालून फांद्या. परत तेच, लांबी गेली. अर्धा गुंठाच आहे म्हणून हाताने वेचल्या, दोन संध्याकाळी, डबाभर. हेक्टरभर असतं तर हे शक्य नव्हतं, फवारणी आली असती. ‘तागाला औषध लागत नाही’ हे जे म्हणतात ते कपाशीच्या तुलनेत खरं आहे, नुसतं म्हटलं तर नाही.

सहा झाडांना बुडाशी काळी कूज दिसली, ती उपटून बाहेर टाकली. मॅक्रोफोमिना नावाची बुरशी असणार. ह्या बुरशीचा जनुकसंच २०१२ मधे बांगलादेशातल्या शास्त्रज्ञांनी उलगडला, मकसूदुल आलम यांच्या गटाने, त्यांनीच २०१० मधे तोषा तागाचा जनुकसंच वाचल्याचं जाहीर केलं होतं. आधी पीक वाचलं, मग त्याचा शत्रू वाचला.

१५ जुलै

आता मजा आहे. पाऊस धरला आणि ताग अक्षरशः रोज दिसतो तेवढा वाढतो, मागच्या रविवारी टेप लावली तेव्हा १ मीटर ७०, काल १ मीटर ८८. आत शिरलं की बाहेरचं काही दिसत नाही, खाली अंधार, तण गायब, आणि पायाखाली गळालेल्या पानांचा थर. ही पानगळ हा तागाचा न दिसणारा फायदा, जमिनीतून घेतलेल्यातलं बरंच तो उभ्या उभ्याच परत करतो, आणि मूळ खोल जात असल्यामुळे जमीनही मोकळी होते. म्हणूनच ताग, मग भात, मग बटाटा किंवा डाळ असा फेरा बंगालात चालतो.

खालच्या कोपऱ्यात चार दिवस पाणी साचलं. तिथला पांढरा ताग मजेत उभा आहे, फक्त बुडाला पाण्यातच नवीन मुळ्या फुटल्यात, तेवढा भाग नंतर खरखरीत निघणार. शेजारच्या ओळीतला तोषा मात्र पिवळा पडला. तोषाला पाय ओले चालत नाहीत, वाख मात्र त्याचाच जास्त मऊ आणि चकचकीत. सगळं एकाच झाडात कुठून मिळणार.

९ ऑगस्ट

११७ दिवस. कापला. फुलं येऊन गेलीत, बारीक शेंगा धरल्यात, हीच वेळ. आधी कापला तर वाख नाजूक आणि कमी, उशीर केला तर वजन वाढतं पण लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, चढून वाख काथ्यासारखा राठ होतो.

उंची सरासरी २ मीटर ३०, सगळ्यात उंच २ मीटर ७४. शेतात ३ मीटरच्या वर जातो म्हणतात, माझा नाही गेला. पालासकट ओलं वजन १६८ किलो. ओंजळीत न मावणाऱ्या जाडीच्या पेंढ्या बांधल्या आणि शेतातच उभ्या करून ठेवल्या, तीन-चार दिवसांत पानं आपोआप गळतात.

आणि आता खरा प्रश्न, जो मी फेब्रुवारीपासून पुढे ढकलत होतो. पाणी.

साचलेल्या पाण्यात ताग नीट कुजवायचा तर वजनाच्या साधारण वीसपट पाणी लागतं असं मानतात. १६८ किलोला ३३०० लिटरच्या वर. माझ्याकडे जी सिमेंटची टाकी आहे ती ३ मीटर लांब, १.२ रुंद, त्यात ६० सेंटीमीटर पाणी घातलं की होतात २१०० लिटर. हेच हेक्टरला लावून बघा. ४५ टन ओला माल, त्याला ९०० टन पाणी, म्हणजे ९ लाख लिटर. ज्या मुलखात तळी, डबकी, नाले पावसाने काठोकाठ भरतात तिथे हे पाणी कोणी मोजत नाही, ते असतंच. ताग नेमका तिथेच का टिकला हे मला आज टाकीसमोर उभं राहून कळलं, जमीन-हवामान वगैरे सगळं आहेच, पण तळं नसेल तर सगळं पीक म्हणजे नुसतं सरपण.

ठरवलं असं की १०० किलो टाकीत, पूर्ण काडीसकट. उरलेल्या ६८ किलोची ओली साल सोलून फक्त साल कुजवायची, दोन पिंपांत, २००-२०० लिटर. काडीच नाही तर जागाही कमी आणि पाणीही कमी. ह्याला पट्टी कुजवण म्हणू. बांगलादेशात ह्यासाठी साल सोलायचं रोलरचं साधं यंत्र काढलंय. माझ्याकडे रोलर म्हणजे दोन हात.

१३ ऑगस्ट

तीन दिवस साल सोलतोय. बुडाशी मोगरीने दोन ठोके द्यायचे, साल सुटली की दोन बोटांत काडी धरून खाली ओढायची. पहिल्या पन्नास झाडांना बरं वाटलं. नंतर बोटांच्या पेरांना चिरा. चिकट रस वाळला की हात पापुद्र्यासारखे. ६८ किलोतून ओली साल निघाली २६ किलो.

टाकीतल्या पेंढ्या आधी उभ्या, बुडाकडून दोन फूट पाण्यात, कारण बूड जाड असतं, त्याला कुजायला जास्त वेळ लागतो. तीन दिवसांनी आडव्या करणार. वरून दाबायला दगड, खाली-वर प्लास्टिकची ताडपत्री. केळीचे खांब किंवा चिखलाची ढेकळं ठेवायची नाहीत, त्याने वाख काळा पडतो, हे नीट वाचून ठेवलं होतं. पुढचं वाचाल तर हसाल.

१९ ऑगस्ट

वास. काय सांगू. दुपारी वारा फिरला की काका खिडकी लावून घेतात. तेव्हा आवाज येतो, त्यावरून कळतं वारा कुठला आहे.

आत काय चाललंय तर, आधी हवेवर जगणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात, मग बिनहवेचे, क्लॉस्ट्रिडियमच्या जातीचे, कामाला लागतात. साल आणि काडी यांना चिकटवून ठेवणारं जे पेक्टिन असतं ते हे लोक खातात. वाखाला हात लावत नाहीत, निदान सुरवातीला नाही. पाणी ३४ अंशांच्या आसपास असेल तर काम जोरात. माझं सकाळी २७, दुपारी ३१. बराकपूरच्या संस्थेने ‘सोना’ नावाची जिवाणूंची भुकटी काढली आहे, ती भुरभुरली की सहा-सात दिवस वाचतात आणि वाखाचा रंगही उजळ येतो. माझ्याकडे ती नाही, मी एका जुन्या डबक्यातलं बादलीभर पाणी ओतलं, विरजण म्हणून.

बुडबुडे सारखे येतायत. त्यात मिथेन आहे, बिनहवेचं कुजणं म्हटलं की मिथेन आलाच. आणि पाण्याचा रंग काळा चहा, प्राणवायू शून्य, ह्यात मासा सोडला तर मरेल. हे त्या पिशवीवर कुठे छापलेलं नसतं. मी ताग वाईट म्हणत नाहीये, प्लास्टिक ज्या रस्त्याने येतं त्याच्यापुढे हे काहीच नाही, पण ‘शून्य प्रदूषण’ म्हणणाऱ्याला एकदा ह्या टाकीशी आणून उभं करावंसं वाटतं.

२२ ऑगस्ट

पिंपांतली साल नवव्या दिवशीच तयार झाली, काडी नसल्यामुळे लवकर. प्लास्टिकच्या पिंपातून काढली, धुतली, फिकट सोनेरी. वा. मग दुसरं पिंप उघडलं. कोळशासारखा काळा वाख.

दुसरं पिंप लोखंडी होतं. आतून गंजलेलं. केळीचे खांब नको, चिखल नको, हे सगळं पाठ करून ठेवलं आणि त्यामागचं कारण, की टॅनिन, म्हणजे सालीतलं तुरट द्रव्य, आणि लोखंड एकत्र आलं की काळं होतं, तेवढं डोक्यात आलं नाही. हिरड्याची शाई अशीच करायचे की, हिरडा आणि लोखंड. मी १३ किलो सालीची शाई केली. तीन वेळा धुतला, राखाडी झाला, त्यापुढे हलत नाही. अशा काळ्या वाखाला बाजारात श्यामला म्हणतात आणि तो प्रतवारीत खाली जातो, ताकद तेवढीच असली तरी. प्रतवारीत ताकद, दोष, बुडाचा राठ भाग, रंग, बारीकपणा, घनता असं सगळं बघतात.

२७ ऑगस्ट

टाकीचा चौदावा दिवस. परवापासून रोज एक काडी काढून अंगठा लावून बघतोय. परवा साल निघत होती पण काडीवर हिरवट पातळ पापुद्रा राहत होता. आज अंगठ्याने बुडाशी नुसतं दाबलं आणि वाख मोज्यासारखा घसरला, काडी पांढरी स्वच्छ. झालं.

गुडघाभर पाण्यात उतरलो. पाच-सहा झाडं एकत्र घ्यायची, बुडाकडच्या भागावर मोगरीने हलकं धोपटायचं, मग बुडापासून हातभर अंतरावर काड्या मोडायच्या, मोडलेला तुकडा झटकून काढून टाकायचा, मोकळ्या झालेल्या वाखाचा हाताला वेढा घ्यायचा आणि पाण्यावर मागे-पुढे आपटत ओढायचं. उरलेल्या लांब काड्या सुर्रकन पुढे निसटतात आणि पाण्यावर तरंगत जातात. पहिल्या दहा वेळा वाखाचा गुंता झाला. मग कधीतरी हात बसला, आणि एक असा लांब, पाण्यातून निथळणारा, माणसाच्या उंचीहून मोठा पट्टा हातात आला, उन्हात धरला तर मधाच्या रंगाचा. पाठ गेली होती, वास नाकात बसला होता, तरी तो तसाच दोन मिनिटं धरून उभा राहिलो.

काका कुंपणाशी होते. म्हणाले, केस काढलेस की रे झाडाचे.

एक पेंढी मुद्दाम पाण्यातच ठेवली, जास्त कुजली तर काय होतं ते बघायला.

६ सप्टेंबर

सगळं वाळलं. बांबूवर टांगून वाळवलं, जमिनीवर नाही, माती लागते. वजनं:

टाकीतल्या १०० किलोतून वाख ५.३ किलो, काड्या १२.६ किलो. पिंपांतल्या ६८ किलोतून वाख ३.१ किलो, त्यातला निम्मा काळा.

पाणी बघा. टाकीत किलोमागे जवळजवळ ४०० लिटर, पिंपात १३० च्या आत. मेहनत बघितली तर बरोबर उलटं, टाकीवाल्याला दोन दिवस, सालवाल्याला पाच. पाणी वाचवायचं तर बोटं सोलायची, सध्या तरी असा सौदा आहे.

धान्याचं ५० किलोचं प्रमाणित पोतं ५८० ग्रॅमचं असतं. म्हणजे टाकीतल्या वाखाची, काही वाया न जाता, नऊ पोती. चार महिने, २१०० लिटर, नऊ पोती. पोत्याकडे मी आता वेगळ्या नजरेने बघतो. अर्थात ते पाणी संपत नाही, तसंच टाकीत आहे, चौपट साधं पाणी मिसळून थोडं थोडं जमिनीला देतोय.

जास्त कुजवलेली पेंढी २ तारखेला काढली होती. दिसायला सगळ्यात सुंदर, मऊ, पांढुरकी. दोन्ही हातांत धरून हिसका दिला, फट्कन तुटली. पेक्टिन संपलं की जिवाणू तंतूकडे वळतात.

१४ सप्टेंबर

पावसाने काम बंद, कागदावर हिशोब केला. तागाबद्दल एक आकडा सगळीकडे फिरतो, की एक हेक्टर ताग हंगामात सुमारे १५ टन कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. खरं वाटेना म्हणून पडताळून बघितलं. वाख, काडी, पानं, मुळं सगळं धरून हेक्टरी कोरडा माल ९ टन धरा, त्यात कार्बन ४५ टक्के म्हणजे ४.०५ टन, त्याला ३.६७ ने गुणलं की १४.९. जमलं! आकडा थापेबाजी नाही. पण ह्यातली पानं महिन्याभरात कुजली, काडी चुलीत गेली, मुळं जमिनीत सडली, म्हणजे बराचसा कार्बन वर्षभरात परत हवेत. राहतो तो वाखातला, तोही पोतं फाटेपर्यंत. म्हणून काडीचं काय होतं ह्याला एवढं महत्त्व आहे. काडी वाखाच्या दुप्पटीहून जास्त निघते आणि तिची घडण टणक लाकडाच्या जवळची, दाबून भुश्याच्या फळ्या होतात, कोळसाही होतो. माझ्या १२ किलो काड्या सध्या छपराखाली आहेत, काका वेलाच्या मांडवासाठी मागतायत.

१२ सप्टेंबरला आणखी एक केलं ते लिहायचं राहिलं. बाजारी गोणपाटाचे चार सारखे तुकडे, वजन करून, वीतभर खोल पुरले.

६ ऑक्टोबर

टकळीवर कातायला बसलो. कोरडा वाख कातला जात नाही, करकरतो आणि भुगा उडतो. गिरणीत ह्याच्यावर तेल-पाण्याचं मिश्रण शिंपडतात, रुळांमधून चेचतात आणि ढीग लावून मुरवत ठेवतात, राठ बुडाचा भाग जास्त दिवस. ह्या तेलापायीच तागाचा कारखाना उभा राहिला म्हणायला हरकत नाही. स्कॉटलंडमधल्या डंडीला फ्लॅक्सच्या, म्हणजे लिननचं कापड ज्याचं होतं त्या जवसाच्या तंतूच्या, यंत्रांवर ताग तुटत होता, १८३० च्या दशकात त्यांनी व्हेल माशाचं तेल लावून बघितलं, जे त्या बंदरात व्हेलच्या शिकारीमुळे मुबलक होतं, आणि गाडी चालू झाली. मग क्रिमियाच्या युद्धात रशियाचा फ्लॅक्स अडकला तसा ताग वर आला. १८५५ मधे हुगळीकाठी रिश्र्याला पहिली गिरणी. आणि १९४७ ला रेघ अशी पडली की शेतं बहुतेक पलीकडे आणि गिरण्या अलीकडे.

व्हेल गेला, खनिज तेल आलं. पोत्याला जो रॉकेलसारखा वास येतो तो तागाचा नाही, ह्या तेलाचा. कॉफी, कोको, शेंगदाणे अशा मालाच्या पोत्यांसाठी म्हणून वेगळा नियम झाला, साबण न होणारं तेलकट द्रव्य किलोमागे १२५० मिलिग्रॅमच्या आत, मग गिरण्या भाताच्या कोंड्याच्या तेलासारख्या वनस्पती तेलाकडे वळल्या. मी पण तेच वापरलं, पाणी आणि चमचाभर साबण घालून घुसळलं, शिंपडलं, दोन दिवस ओल्या फडक्याखाली. फरक एवढा पडला की आधीचा वाख आणि हा एकाच झाडाचा वाटत नाही.

सूत जाडंभरडं निघालं. १० मीटर कापून तोललं, १४ ग्रॅम. तागाच्या सुताचा नंबर उलटा चालतो, १४,४०० यार्ड सुताचं वजन जितके पौंड तितका नंबर, म्हणजे नंबर मोठा तितकं सूत जाड. माझं येतं ४० पौंडी. तलम गोणपाटाचं ८ ते १० असतं. सुतळी म्हणून खपेल.

२ नोव्हेंबर

रेझिनची फळी. काळ्या वाखाचं काय करायचं हा प्रश्न होता, फळीत रंग कोण बघतं. पिंजून चटई अंथरली, पॉलिस्टर रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होऊन कडक बनणारं चिकट द्रव, ओतलं, दाबून ठेवलं. दुसऱ्या दिवशी काढलं तर आत सगळीकडे पांढरे बुडबुडे, वाकवल्यावर वाख रेझिनमधून केसासारखा सुटून बाहेर.

पाणी. परत पाणी! वाळलेला म्हणतो त्या तागातही ओलावा असतो, व्यापारात १३.७५ टक्के तर अधिकृतच धरतात. ते पाणी रेझिनला धरू देत नाही. दुसऱ्या खेपेला आधी कॉस्टिक सोड्याच्या ५ टक्के द्रावणात भिजवला, त्याने हेमिसेल्युलोज, तंतूतलं पाणी धरणारं द्रव्य, निघून जातं आणि तंतूचा पृष्ठभाग खडबडीत होतो, नीट धुतला, १०० अंशांवर चार तास वाळवला आणि गरम असतानाच ओतलं. ही फळी वाजते. पहिली थप्प वाजायची, ही टण्ण. काचतंतूच्या तशाच फळीशेजारी उचलून बघितली, हलकी लागते, काचेची घनता २.५ आणि तागाची दीडच्या आत. गाडीच्या दाराच्या आतल्या फळ्यांत ताग जातो तो ह्यासाठीच. ताकदीत काचेशी बरोबरी नाही, आणि कडा उघडी राहिली तर पाणी परत आत शिरणार, तेव्हा कडा बुजवल्या. सोड्याचं पाणी आम्ल घालून शमवलं तेव्हा टाकता आलं, हेही हिशोबात धरायला हवं.

१२ नोव्हेंबर

पुरलेले गोणपाट. ६१ दिवस झाले. चारपैकी दोन काढले. पहिला ओल्या जागेतला, खुरप्याने उचलायला गेलो तर उचलण्याजोगं काही नव्हतं, मातीत विणीची नुसती छाप, आणि त्या छापेतून बारीक पांढऱ्या मुळ्या आरपार गेलेल्या. दुसरा छपराखालच्या कोरड्या जागेतला, जवळजवळ आख्खा, झटकून वाळवून तोलला तर ८ टक्के कमी. उतारावरची माती धरायला तागाची जाळी अंथरतात ती ह्याच हिशोबावर, गवताच्या मुळ्या धरेपर्यंत तिने टिकायचं आणि मग निघून जायचं. पण किती टिकेल हे जागा ठरवते. उरलेले दोन फेब्रुवारीत काढेन.

आज आवराआवर करताना जुलैमधे कागदात बांधून ठेवलेल्या शेंगा सापडल्या, त्या फसलेल्या ओळीच्या. विसरलोच होतो. ताटात घेऊन चुरगळल्या, फुंकर मारून पाला उडवला. निळसर काळं बी. ४३ ग्रॅम भरलं. अर्ध्या गुंठ्याला २५ लागतं.